गुपित फुटते ते ओळखीतून

ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी याच किल्ल्यात त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत होता. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. शास्त्र्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतलेली होती आणि खुनाचा आळ आला तो दुसऱ्या बाजीरावाच्या या मर्जीतल्या कारभाऱ्यावर. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने पेशव्यांवर दडपण आणून त्र्यंबकजीला ताब्यात घेतले आणि ठाण्यास पाठविले. देशी शिपाई फितूर होईल या भयाने त्याच्यावर पहारा बसविला तो केवळ गोऱ्या सोजिरांचा. सावधगिरीची ही पराकाष्ठाच इंग्रजांना नडली. किल्ल्यातील एका साहेबाकडे नोकरीस लागलेला मराठा मोतद्दार घोडा फिरवीत कैद्याच्या खिडकीखालून जाई आणि जाता जाता मराठीत गाणे म्हणे. सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यात होता. पहाऱ्यावरच्या सोजिरांना मराठीचा गंध नव्हता. त्यांच्या लेखी तो एका गड्याचा विरंगुळा होता. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्र्यंबकजी किल्ल्यातून नाहीसा झाला. पुढे तो पुन्हा पकडला गेला, चुनारच्या किल्ल्यात राहिला, आणि तेथे त्याची भेट घेतलेल्या बिशप हेबरने ही हकीकत लिहून ठेवली.

शास्त्र्यांच्या खुनाचा डाग त्र्यंबकजीच्या नावावरून पुसला जात नाही, त्यामुळे हा प्रसंग त्याच्या गौरवासाठी सांगण्याचा नाही. त्या पलायनाचे परिणाम मात्र फार दूरवर गेले. त्र्यंबकजीला हवाली करा, असा तगादा लावीत एल्फिन्स्टनने मे १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण म्हणून मागून घेतले, जूनमध्ये पुण्याचा अपमानकारक तह पेशव्यांच्या माथी मारला आणि नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. दोन सत्तांमधील संबंध एका मोतद्दाराच्या गाण्याने असे हलले.

याच कथेची दुसरी बाजू अधिक बोचणारी आहे. एल्फिन्स्टनजवळ केवळ कवायती पलटणी नव्हत्या. पुण्याच्या वाड्यावाड्यांतून, सावकारांच्या पेढ्यांवरून आणि कारकुनांच्या बैठकीतून त्याच्याकडे बातम्यांचा ओघ वाहत होता. बाळाजीपंत नातू यांच्यासारखी शहाणी, लिहिती-वाचती माणसे त्याच्या पदरी होती. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, ते चढविणारा हात त्यांचाच होता, अशी नोंद मराठी माणसाने आजवर शरमेने जपली आहे. पेशवाई तोफांनी बुडाली असे शाळेत शिकविले जाते. तोफा डागल्या जाण्यापूर्वीच ती ओळखीपाळखीने पोखरली गेली होती.

राज्याचे गुपित तिजोरीत ठेवलेले असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ते माणसांत ठेवलेले असते. ज्याला ते ठाऊक आहे, त्याची बायको, मेहुणा, शाळासोबती, दुकानदार, भिशीतला मित्र अशा नात्यांच्या जाळ्यात ते असते. शत्रूला तिजोरी फोडण्याचे कष्ट क्वचितच पडतात. तो जाळ्याचे एक टोक हाती घेतो आणि हलक्या हाताने ओढत राहतो. एकविसाव्या शतकात घडलेला बदल एवढाच की, हे जाळे आता उघड्यावर पसरलेले आहे. कोण कोणाचा भाऊ, कोण कोठे नोकरीला, कोणाची बदली झाली, कोण घरात एकाकी आहे, कोणाला कौतुकाची भूक आहे, हे सारे ज्याने त्याने स्वतःच्या हाताने, छायाचित्रासह लिहून ठेवले आहे. एल्फिन्स्टनला जी माहिती मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे थैल्या रित्या कराव्या लागल्या, ती आज फुकट मिळते.

ठाण्याहून आग्रा रस्त्याने शहापूर गाठावे आणि तेथून आत वळावे, म्हणजे शेणवा लागते. भोवती भातशेती, आसपास आदिवासी पाडे, बाजारासाठी शहापूर नाहीतर किन्हवली, आणि पलीकडे मुरबाडचा मुलूख. शेणव्यातल्या माणसाने आंतरराष्ट्रीय संबंधांतील गुप्ततेची चिंता का वाहावी, असे कोणीही विचारील. पण नकाशा समोर धरावा. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत आणि देशाच्या आर्थिक राजधानीचा जवळजवळ निम्मा घसा एकट्या भातसाच्या पाण्याने ओला होतो. मुंबई-नाशिक महामार्ग, समृद्धी महामार्ग आणि कसारा घाटातून जाणारा मध्य रेल्वेचा मार्ग, हे तिन्ही याच तालुक्यातून जातात. घाट चढून गेले की देवळालीचा तोफखाना आणि त्यापुढे ओझरचा विमान कारखाना आहे. तालुक्यातील शेकडो तरुण रोज पहाटे आसनगाव-आटगावची लोकल पकडून कळवा, ठाणे, मुंबईच्या कारखान्यांत, गोद्यांत आणि कंत्राटदारांकडे कामाला जातात. जेथे असा तरुण राहतो, त्या घरातील मोबाइल ही देशाची सीमाच आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथकाने कळव्यातील एका तरुण कनिष्ठ अभियंत्यास अटक केली. फेसबुकवर ओळख झालेल्या महिलांच्या नावाच्या खात्यांना त्याने युद्धनौका आणि पाणबुड्यांसंबंधीची माहिती पुरविली, असा त्याच्यावर आरोप आहे. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत उमेदवारी केलेला, जळगाव जिल्ह्यातील एक कोवळा तरुण अशाच आरोपाखाली पकडला गेला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये ओझरच्या विमान कारखान्यातील एक कर्मचारी पकडला गेला. या आरोपांचा निवाडा न्यायालयेच करतील. परंतु नकाशावर ही ठिकाणे जोडून पाहिली, तर पाकिस्तानी हेरसंस्थेचे लक्ष महाराष्ट्राच्या कोणत्या थरावर आहे, हे निवाड्याची वाट न पाहताही ध्यानात येते. तिला सेनापती नको आहे. तिला वेल्डर, फिटर, कारकून, उमेदवार हवा आहे. म्हणजे नेमका तोच तरुण, जो आसनगावच्या फलाटावर मोबाइलमध्ये डोके घालून उभा असतो.

आता अधिक अवघड प्रकरणाकडे वळावे लागेल, कारण त्यापासून मान फिरविण्याची सवय घातक आहे. मे २०२३ मध्ये पुण्यातील संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या एका प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक प्रदीप कुरुलकर यांना अटक झाली. ब्रिटनमधील सॉफ्टवेअर अभियंता म्हणविणाऱ्या ‘झारा दासगुप्ता’ नावाच्या खात्याशी व्हॉट्सअॅपवरून जवळीक साधताना त्यांनी क्षेपणास्त्रांसह अनेक संवेदनशील विषयांची माहिती दिली, असे आरोपपत्र म्हणते. आरोप सिद्ध होईपर्यंत ते आरोपी आहेत, दोषी नव्हेत. पण अटकेची बातमी येताच समाजात दोन प्रतिक्रिया उमटल्या आणि दोन्ही उथळ होत्या. कुरुलकर घराण्याच्या संघाशी असलेल्या जुन्या संबंधांचा उल्लेख करून विरोधकांनी राष्ट्रभक्तीचा सारा विचारच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला. दुसरीकडे अनेक सुशिक्षित घरांतून एक अवघडलेले मौन पसरले. असाच आरोप एखाद्या परधर्मीय नावाच्या माणसावर असता, तर हे मौन राहिले असते काय, हा प्रश्न कार्यकर्त्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावयास हवा.

कारण शत्रूने हेच हेरलेले आहे. ‘झारा दासगुप्ता’ या नावातील आडनाव पाहावे. नागपूरच्या प्रकरणात जे खाते समोर आले, त्याचे नाव ‘सेजल कपूर’ होते. बंगाली आडनाव, पंजाबी आडनाव, प्रोफाइलवर सुसंस्कृत चेहरा, बोलण्यात आपुलकी. संशय केवळ नावावरून घेण्याची ज्या समाजाला सवय लागली आहे, त्याला फसविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच्या ओळखीचे नाव धारण करणे. परक्याकडे पाहून डोळे वटारणारा पहारेकरी आपल्यासारख्या दिसणाऱ्यासाठी दार सताड उघडतो. ठाण्याच्या किल्ल्यातील सोजिरांनी तरी दुसरे काय केले होते?

नागपूरचे प्रकरण आणखी एका कारणाने मननीय आहे. ब्राह्मोस क्षेपणास्त्र प्रकल्पातील एका तरुण, गुणी अभियंत्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. जून २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या गंभीर आरोपांतून त्याला मुक्त केले आणि गोपनीय माहिती सांभाळण्यातील हयगयीपुरता दोष कायम ठेवला. अटकेच्या दिवशी ज्यांनी त्याला गद्दार ठरवून फाशीची मागणी केली होती, त्यांनी हा निकाल तेवढ्याच उत्साहाने वाचला असेल, असे वाटत नाही. तो वाचावयास हवा होता. परदेशातील चांगल्या नोकरीची आशा, एका अनोळखी पण गोड बोलणाऱ्या व्यक्तीचा निरोप, तिने धाडलेला दुवा, तो उघडल्यावर संगणकात शिरणारी छुपी आज्ञावली आणि त्याच वैयक्तिक संगणकात राहून गेलेले कचेरीतले कागद, अशी ही साखळी होती. यात देशद्रोहाची बुद्धी कोठेही असावी लागत नाही. महत्त्वाकांक्षा आणि ढिलाई पुरेशी असते आणि या दोन्ही गोष्टी मध्यमवर्गीय घरात मुबलक सापडतात. नोकरीचे आमिष हा तर आता जगभर रुळलेला डाव आहे. चिनी हेरांनी लिंक्डइनवरील बनावट ओळखींतून दहा हजारांहून अधिक जर्मन नागरिकांना गाठण्याचा प्रयत्न केला, असे जर्मनीच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेने २०१७ मध्ये जाहीर केले होते.

भारतीय संरक्षण दले या धोक्याबाबत झोपलेली नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलातील काही जण अशाच जाळ्यात सापडल्याचे उघड झाल्यावर नौदलाने युद्धनौकांवर आणि तळांवर स्मार्टफोन बंद केले, समाजमाध्यमांवर बंदी घातली. जुलै २०२० मध्ये भूदलाने आपल्या अधिकाऱ्यांना व जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अॅप मोबाइलमधून काढून टाकण्यास सांगितले. आदेश योग्यच होते. मात्र आदेश जवानाला लागू होतो. जवानाच्या आईला, वहिनीला, गावच्या मित्राला लागू होत नाही. सुट्टीवर आलेला मुलगा अकस्मात परत बोलावला गेला की शेजारणीला ते कळते, शेजारणीकडून महिला मंडळाच्या गटावर जाते, तेथे चाळीस जणी हात जोडल्याची चिन्हे टाकतात, आणि ज्या गटात चाळीस जणी आहेत त्यात एकेचाळिसावे खाते कोणाचे आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. मुलाच्या काळजीपोटी केलेली ती प्रार्थना असते. पण एकाच दिवशी शंभर गावांतून अशा शंभर प्रार्थना ज्याच्या नजरेस पडतात, त्याला कोणते दल कोठे हलते आहे, हे कळण्यास हेराची गरज उरत नाही.

शहापूरच्या महामार्गावरून लष्करी वाहनांचा ताफा जाताना दिसला की हौशी पोरे मोबाइल सरसावतात. त्यामागे अभिमान असतो. त्या अभिमानाला देशभक्तीपर गाण्याची जोड देऊन ती चित्रफीत वेळ आणि ठिकाणासह जगापुढे ठेवली जाते. अशा अभिमानाची किंमत मुंबईने एकदा मोजलेली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कमांडो कोठे उतरत आहेत, कोणत्या मजल्यावर काय चालले आहे, हे दूरचित्रवाणी वाहिन्या थेट दाखवीत होत्या आणि कराचीत बसलेले सूत्रधार ते पाहून ताज-ओबेरॉयमधील मारेकऱ्यांना दूरध्वनीवरून सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या फाशीवर शिक्कामोर्तब करताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वर्तनाची कठोर शब्दांत हजेरी घेतली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर केंद्र सरकारने माध्यमांना लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नका, असे बजावले, त्यात या अनुभवाचाच दाखला होता. पहलगामला मारल्या गेलेल्यांत डोंबिवलीचे तिघे होते. हे घाव ठाणे जिल्ह्याच्या अंगावरचे आहेत. परंतु २००८ मध्ये कॅमेरे मोजक्या वाहिन्यांच्या हाती होते आणि त्यांना सरकारी सूचना धाडता येत होती. आज शेणव्याच्या नाक्यावरही ते घरटी एक आहेत.

त्याच २६/११ च्या पूर्वतयारीची कथा समाजजालाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे आणि तिचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. दाऊद गिलानी या पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन माणसाने २००६ मध्ये नाव बदलून डेव्हिड हेडली असे करून घेतले आणि पुढील दोन वर्षे तो मुंबईत येत-जात राहिला. ताडदेवला स्थलांतर सल्ल्याची कचेरी थाटली, व्यायामशाळेत नाव घातले, तेथे मित्र जोडले, मेजवान्या दिल्या. दादरच्या शिवसेना भवनापर्यंत आपण पोहोचलो होतो आणि तेथे ओळख काढली होती, असे त्याने २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे दूरचित्रसंवादाद्वारे दिलेल्या साक्षीत सांगितले. अर्थात ज्यांनी त्याला चहा पाजला, ते काही देशाचे शत्रू नव्हते. गोरा, उमदा, इंग्रजी बोलणारा साहेब आपल्याला ‘मित्र’ म्हणतो, याचे त्यांना अप्रूप वाटले, एवढेच. परदेशी माणसाच्या ओळखीचे हे अप्रूप म्हणजे गुलामगिरीच्या काळाचा उरलेला गाळ आहे. तो अजून उपसला गेलेला नाही.

गुपिते फुटण्याचे हे दुखणे भारताचेच आहे, असे मात्र नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराने येमेनवरील हल्ल्याच्या चर्चेसाठी सिग्नल या अॅपवर एक गट केला. त्यात उपराष्ट्राध्यक्ष होते, संरक्षणमंत्री होते आणि चुकून ‘द अटलांटिक’ या नियतकालिकाचे संपादकही होते. विमाने केव्हा उडणार याच्या वेळा त्या संपादकांना मोबाइलवर वाचावयास मिळाल्या. सिग्नलचे कुलूप कोणी फोडले नव्हते. ते जगातील उत्तम कुलपांपैकी एक मानले जाते. संपर्कयादीतील एक नाव चुकीचे निवडले गेले, इतकेच. सर्वशक्तिमान म्हणविणाऱ्या राष्ट्राची ही गत असेल, तर गावकीच्या गटावर पंधरा वर्षांची पोरे आणि सत्तर वर्षांचे आजोबा एकत्र असताना काय होत असेल, याचा अंदाज करावा.

नात्यांचे जाळे म्हणजे केवळ छिद्रच, असे समजण्याचे कारण नाही. तेच जाळे ढालही होते. आग्र्याहून १६६६ मध्ये निसटताना शिवाजी महाराजांनी नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत कृष्णाजीपंत त्रिमल यांच्या घरी ठेवले. हे मोरोपंत पिंगळ्यांच्या आप्तांचे घर. औरंगजेबाचे हेर रस्तोरस्ती फिरत होते आणि त्या घरातील बायकामुलांपैकी एकाच्या तोंडून एक शब्द गेला असता, तरी स्वराज्याचा वारस हरपला असता. शब्द गेला नाही. महाराजांनी तर राजगडी परतल्यावर युवराज वाटेत निवर्तल्याची आवई उठविली आणि शोक पाळला. बहिर्जी नाईकांच्या चातुर्याच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. मथुरेच्या त्या घरातील अनाम स्त्रियांच्या मौनाची कथा क्वचितच सांगितली जाते. स्वराज्याला दोन्हींची गरज होती.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. जुलै १९७५ मध्ये संघावर बंदी आली, त्यानंतर मार्च १९७७ पर्यंत महाराष्ट्रात भूमिगत कार्य चालले, ते कोणाच्या बळावर? येरवडा आणि नाशिक रोडच्या कारागृहांत गेलेल्यांची नावे नोंदली गेली. ज्या गृहिणींनी वेळी-अवेळी दारात आलेल्या पाहुण्याला नाव न विचारता जेवू घातले, शेजारणीने ‘कोण आलंय?’ म्हणून विचारले तर ‘यांच्या मावशीकडचे’ म्हणून विषय मिटविला, त्यांची नोंद कोठे नाही. पत्रके एका घरातून दुसऱ्या घरात गेली. ती ज्याच्या हाती पडली, त्याने ती कोणाकडून आली, हे विचारले नाही. गरजेपुरते जाणावे आणि जाणले तेवढे पोटात ठेवावे, हा गुप्तचर संस्थांचा पहिला नियम त्या घरांनी कोणत्याही प्रशिक्षणाविना पाळला. त्याच घरांतील नातवंडे आणि, खरे सांगावयाचे तर, आता निवृत्त झालेली मुलेही, सकाळी उठल्याबरोबर आलेला प्रत्येक निरोप दहा गटांवर ढकलीत असतात. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत जुन्या चित्रफिती, संगणकीय खेळांतील दृश्ये आणि कपोलकल्पित विजयवार्ता यांचा जो पूर आला, त्यात पाणी ओतणाऱ्यांत राष्ट्रीय विचारांची माणसे मागे नव्हती. भारतीय सैन्याच्या खऱ्या पराक्रमावर परदेशी वार्ताहरांनी जे प्रश्नचिन्ह लावले, त्याला या खोट्या विजयवार्तांनी आयते इंधन पुरविले. संपर्क हे ज्या संघटनेचे मुख्य साधन आहे, तिच्या माणसांनी संपर्काचा असा नास करावा, हे दुःखदायक आहे.

आणखी एक धोका या उत्साहातच दडलेला आहे. सावध राहा म्हटले की काही मंडळी लगेच हेर शोधावयास निघतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळविणारे समजून ठेचून मारले गेले. १६ एप्रिल २०२० रोजी, पूर्वी ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरमधील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची अशाच अफवेच्या वणव्यात हत्या झाली. दोन्ही ठिकाणी समाजमाध्यमांतून पसरलेल्या अफवांनी आधी माणसांची मने पेटविली होती. संशयिताची माहिती पोलिसांना द्यावी आणि तेथे थांबावे. गटावर त्याचे छायाचित्र फिरविणे म्हणजे जागरूकता नव्हे, ते दुसऱ्या राईनपाड्याचे बीज आहे.

गुप्ततेची महती सांगताना एक सीमारेषा मात्र ठळक आखावयास हवी, अन्यथा हे सारे सरकारी बाबूंच्या पथ्यावर पडेल. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे, म्हणजे परकीय सत्तेने प्रजेपासून स्वतःला वाचविण्यासाठी केलेला. स्वतंत्र भारतात तो राहिला आणि ‘गोपनीय’ हा शिक्का सैन्याच्या कागदांबरोबरच ठेकेदारांच्या बिलांवरही उमटू लागला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने माहितीचा अधिकार केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच दिला, ही अभिमानाची गोष्ट आहे. भातसाचे पाणी मुंबईच्या नळाला जाते आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, हे काही राष्ट्रीय गुपित नव्हे. प्रकल्पग्रस्तांच्या याद्या, टँकरची देयके, रस्त्याच्या कामाची मोजमापे चव्हाट्यावरच यावयास हवीत. त्याविषयी शेणव्यातला माणूस बोलला, लिहिला, त्याने छायाचित्र टाकले, तर तो देशसेवाच करीत असतो. धरणाच्या पहाऱ्याची वेळ, नियंत्रण कक्षाची आतील रचना, जलवाहिनीवरील कोणती चौकी रिकामी असते, हे सांगणे निराळे. पहिली गोष्ट दडविणे हा अपराध आहे आणि दुसरी सांगणे हा. जे शासन पहिल्या गोष्टीत पारदर्शक नसते, त्याला दुसऱ्या गोष्टीत मौन मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, कारण ज्याचा शब्द टँकरच्या बाबतीत खोटा ठरला, त्याचा शब्द युद्धाच्या बाबतीत खरा मानण्यास लोक तयार होत नाहीत.

कामाचा आरंभ घरातच करावा लागेल आणि त्यासाठी मोठी योजना नको. घरातील कोणी संरक्षण दलांत, गोदीत, आयुध निर्माणीत किंवा त्यांच्या कंत्राटदाराकडे असेल, तर त्याची नेमणूक, बदली आणि प्रवास गटावर येणार नाही, हे त्याच्या आईनेच ठरवावे. आईचे ऐकले जाते. ज्या गटातील प्रत्येक सभासदाला निदान एकाने प्रत्यक्ष पाहिलेले नाही, तो गट मोडावा किंवा त्यातून ती खाती काढावीत. गावातील जो तरुण नव्याने गोदीत किंवा कारखान्यात लागला असेल, त्याच्याशी वडीलधाऱ्याने सरळ बोलावे की, अनोळखी बाईने मैत्रीचा हात पुढे केला, नोकरी देऊ केली किंवा कामाच्या ठिकाणाविषयी विचारले, तर ती कथा घरी सांगावी. घरी कोणी रागावणार नाही. हे अखेरचे आश्वासन सर्वांत महत्त्वाचे आहे. जाळ्यात सापडलेली बहुतेक मुले पैशांसाठी आत जात नाहीत आणि पैशांसाठी आत राहतही नाहीत. चार चित्रे पाठविली गेलेली असतात, पलीकडून धमकी येते, आणि बापाला कळले तर काय होईल या भयापोटी मुलगा पाचवे चित्र पाठवितो. ज्या घरात ही लाज बोलून दाखविता येते, तेथे शत्रूच्या हातातले सर्वांत धारदार शस्त्र पहिल्याच दिवशी बोथट होते. आणि जवळच्या पोलीस ठाण्यात बाप मुलासोबत गेला, तर तो मुलगा पुढे साक्षीदार होऊ शकतो, आरोपी नव्हे.